वादळ शिकवणारी निळी पेटी

एक साधा प्रयोग करून पाहू. कार्यालयात असते तशी गोल फिरणारी खुर्ची वर्गात आणा. एका विद्यार्थ्याला तिच्यावर बसवा, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि आपण ज्या दिशेने फिरत आहोत असे वाटेल त्या दिशेला अंगठा दाखवायला सांगा. पाय जमिनीला टेकू देऊ नका. वर्गात शांतता हवी, कारण आवाजावरूनही दिशा कळते. दोघांनी जवळ उभे राहावे. शेवटी तोल जाण्याचा संभव असतो. आता खुर्ची सावकाश, एकाच वेगाने उजवीकडे फिरवत राहा.

सुरुवातीला अंगठा बरोबर उजवीकडे असतो. पंधरा-वीस सेकंदांनी तो डळमळतो आणि सरळ होतो. विद्यार्थी सांगतो, "थांबली." खुर्ची मात्र फिरतेच आहे. आता ती खरोखर थांबवा. विद्यार्थी ठामपणे डावीकडे अंगठा दाखवतो! आपण उलटे फिरू लागलो, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. रुमाल काढला की सगळा वर्ग हसतो, आणि तोही हसतो.

विमानविद्येच्या पहिल्या पंचवीस वर्षांत नेमकी हीच चूक ढगात शिरलेल्या वैमानिकांच्या हातून होत होती. तिथे डोळ्यांवरचा रुमाल ढगाचा असे आणि तो काढायला कोणी नसे. या चुकीतून माणसाने वाट कशी काढली, त्याचा हा इतिहास आहे. त्यात भोवरा आहे, पेटीचा भाता आहे, आणि शिकण्याविषयीचा एक धडाही आहे.

कानाची फसगत

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरू लागले की नलिका लगेच फिरते, पण जडत्वामुळे द्रव मागे रेंगाळतो. त्याच्या दाबाने नलिकेतला जेलीसारखा पडदा वाकतो आणि मेंदूला संदेश जातो, 'फिरतो आहोत.' फिरणे एकाच वेगाने चालू राहिले की थोड्या वेळाने द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो, संदेश बंद पडतो. खुर्ची थांबली की नलिका थांबते, द्रव मात्र पुढे जात राहतो आणि पडदा उलट बाजूला वाकतो. थोडक्यात, कान फिरण्याचा वेग मोजत नाही, त्या वेगातला बदल मोजतो. या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बाराणी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण वापरली तशी खुर्ची त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरी फसगत याहून चमत्कारिक आहे. घाटातल्या वळणावर बसमध्ये आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. सायकलस्वार मात्र वळताना आतल्या बाजूला कलतो आणि त्याला फेकले गेल्यासारखे वाटत नाही. विमान सायकलीप्रमाणे कलून वळते. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा परिणाम मिळून होणारा एकंदर जोर थेट विमानाच्या तळाच्या दिशेने असतो. त्यामुळे वैमानिकाला आपण सरळ बसलो आहोत असेच वाटते. विमानात गवंड्याचा ओळंबा टांगला, तर तोही तळाशी काटकोनात राहील आणि विमान सरळ असल्याची ग्वाही देईल. म्हणजे कानाबरोबर ओळंबाही फसतो!

आता ढगातला वैमानिक डोळ्यांसमोर आणा. विमान हळूहळू डावीकडे कलते. इतके हळू, की कानाला पत्ता लागत नाही. कललेले विमान वळू लागते आणि नाक खाली घालते. वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज वाढतो, उंची घटते. आपण सरळ आहोत अशी खात्री असलेला वैमानिक नाक वर करण्यासाठी दांडा मागे ओढतो. विमान कललेले असल्यामुळे त्या ओढण्याने वळण आणखी घट्ट होते. अशी चक्राकार घसरण ढगाखाली आली तेव्हा जमीन जवळ असेल, तर सावरायला वेळ उरत नसे.

तरीही त्या काळच्या वैमानिकांचा आपल्या अंगावर मोठा भरवसा होता. बसल्या जागी शरीराला जे जाणवते त्यावर उडणारा तोच खरा वैमानिक, अशी समजूत होती. काट्यांकडे बघत उडणे कमीपणाचे वाटे.

भोवऱ्याची मदत

अमेरिकन सैन्यातील वैमानिक विल्यम ऑकर यांना ही समजूत सोडावी लागली, ती खुर्चीमुळेच. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्यांना बाराणीच्या खुर्चीत बसवून फिरवले. अनुभवी ऑकर यांचेही उत्तर आपल्या विद्यार्थ्यासारखेच चुकले. मग ते एक खोकी घेऊन परत आले. आत एक छोटा दिवा होता आणि वळण दाखवणारे उपकरण. खोक्यात डोळे घालून, फक्त काट्याकडे बघत त्यांनी प्रत्येक वेळी दिशा बरोबर सांगितली. पुढे कार्ल क्रेन या सहकाऱ्यासह त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. ते १९३२ साली निघाले.

त्या खोक्यातल्या उपकरणाचे मर्म म्हणजे भोवरा. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या आसाची दिशा सहजासहजी बदलू देत नाही. तो विशिष्ट चौकटीत बसवला, की विमान कितीही कलले तरी आस जागचा हलत नाही. विमान भोवऱ्याभोवती कलते, आणि किती कलले ते मोजता येते. ओळंबा जिथे फसतो तिथे भोवरा टिकतो. या तत्त्वावर एल्मर स्पेरी यांच्या कंपनीने आधी वळणदर्शक आणि नंतर कृत्रिम क्षितिज तयार केले. कृत्रिम क्षितिजाच्या तबकडीवर विमानाची छोटी आकृती आणि एक आडवी रेघ असते. ढगात हरवलेले क्षितिज या रेघेच्या रूपाने वैमानिकाला परत मिळाले.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्ड येथे याची कसोटी लागली. जेम्स डूलिटल हे धाडसी वैमानिक होते, शिवाय विमानविद्येत डॉक्टरेट मिळवलेले संशोधकही. त्यांच्या जागेवर अपारदर्शक आच्छादन घातले होते. बाहेरचे काहीही दिसत नव्हते. समोर कृत्रिम क्षितिज, भोवऱ्यावर चालणारा दिशादर्शक, पॉल कोल्समन यांनी बनवलेला संवेदनशील उंचीमापक, आणि जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांचा निर्देशक, एवढेच होते. पुढच्या जागेवर बेन केल्सी हे वैमानिक बसले होते, ते केवळ खबरदारी म्हणून. आपण नियंत्रणांना हात लावलेला नाही हे खालच्या लोकांना दिसावे, यासाठी त्यांनी हात बाहेर धरले होते. डूलिटल उडाले, फेरी मारून परत आले आणि उतरले. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली असतील. बाहेर न बघता उडता येते, हे सिद्ध झाले.

पण एका निष्णात माणसाला जे जमले ते हजारो सामान्य वैमानिकांना कसे जमायचे? काटा काय सांगतो हे समजायला अर्धा तास पुरतो. शरीर ओरडून 'आपण डावीकडे कललो' सांगत असताना 'नाही' म्हणणाऱ्या काट्याप्रमाणे हात चालवणे मात्र सरावाशिवाय येत नाही. आणि हा सराव खऱ्या ढगात करायचा, तर पहिली चूक शेवटची ठरण्याची भीती!

पेटीच्या भात्यावर उडणारे विमान

हे कोडे सुटले ते एका वाद्याच्या कारखान्यात. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मूकपटांच्या चित्रपटगृहांत साथीला वाजणारे ऑर्गन तिथे तयार होत. (आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसत.) १९२७ नंतर बोलपट आले आणि या वाद्यांची मागणी घटू लागली. मालकाचा मुलगा एडविन लिंक याला विमानाचे वेड होते, पण शिकण्याचा खर्च फार. उडण्याचा काही भाग जमिनीवरच शिकता आला तर?

आपल्या संगीत नाटकांच्या साथीला पायांनी भाते हलवायचा ऑर्गन असे, तो काही वाचकांनी पाहिला असेल. भाता फुगला-मिटला की हवेच्या जोराने गोष्टी हलतात. एडविनने तेच केले. छोट्या लाकडी विमानाच्या आकाराची पेटी त्याने भात्यांवर बसवली आणि विजेच्या पंपाला जोडली. आत बसून दांडा उजवीकडे नेला की झडपा उघडत, एका बाजूचा भाता मिटे आणि पेटी उजवीकडे कले. पायांच्या पट्ट्या दाबल्या की ती गोल फिरे. १९२९ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

जमिनीवर उडायला शिकवण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अर्ध्या कापलेल्या पिंपांवर शिकाऊ वैमानिकाला बसवून, शिक्षक ती हाताने हलवत. लिंकची पेटी मात्र शिकणाऱ्याच्या हालचालीला आपणहून उत्तर देई. तरी ती कोणी गंभीरपणे घेतली नाही. सुरुवातीची बरीच यंत्रे करमणुकीच्या बागांत गेली. लिंकने मग स्वतःची उड्डाणशाळा काढली, पेटीत उपकरणे बसवली, वर झाकण घातले, आणि काट्यांवर उडणे शिकवायला सुरुवात केली.

टपालाची किंमत

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने खाजगी कंपन्यांशी असलेले हवाई टपालाचे करार रद्द केले आणि ते काम सैन्याच्या वैमानिकांवर सोपवले. ऐन हिवाळा, बर्फ, धुके, रात्रीची उड्डाणे. आणि या तरुणांना उपकरणांवर उडण्याचा सराव जवळजवळ नव्हता. अपघातांची मालिका सुरू झाली. वसंत ऋतूपर्यंत सुमारे बारा जणांचा जीव गेला.

त्याच सुमारास सैन्याचे काही अधिकारी लिंकला भेटायला न्यूअर्कच्या विमानतळावर आले होते. धुके इतके होते, की आता तो येत नाही असे समजून ते निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून विमानाचा आवाज आला आणि लिंक उतरला. तो काट्यांवरच आला होता. आपले यंत्र काय शिकवते, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज उरली नाही. सैन्याने सहा यंत्रे घेतली. प्रत्येकी ३,५०० डॉलरला.

पुढची वाढ झपाट्याने झाली. १९३५ साली जपानी नौदलानेही ही यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि सुमारे पाच लाख उड्डाण-कर्मचारी त्यांत शिकले. निळ्या रंगामुळे तिला सगळे 'निळी पेटी' म्हणत.

शिक्षकांनी या पेटीचा एक भाग मुद्दाम लक्षात घ्यावा. शेजारी शिक्षकाचे टेबल असे आणि त्यावर नकाशा. तीन चाकांचे एक छोटे यंत्र, त्याला 'खेकडा' म्हणत, पेटीतल्या 'उड्डाणा'प्रमाणे नकाशावर सरकत शाईची रेघ ओढी. शिक्षक, आणि युद्धकाळात पुष्कळदा शिक्षिका, माइकवरून सूचना देत, वाऱ्याची दिशा बदलत, पेटीला वादळी हवेसारखे हिसके देत. तास संपला की विद्यार्थी बाहेर येऊन रेघ बघे. आपण विमानतळाकडे नीट चाललो होतो असे त्याला वाटत असे, आणि रेघ तर डोंगराकडे गेलेली! तिथे रागावण्याची गरज नसे. चूक कागदावर होती, आणि विद्यार्थी जिवंत होता.

या पेटीत एक वैगुण्य होते. खरे विमान वळताना कलणे जाणवत नाही. जमिनीवरची पेटी कलली की जाणवते. म्हणजे तिने दिलेल्या संवेदना खऱ्या नव्हत्याच. पण शिकायचे काय होते? अंगाला जाणवते त्याकडे दुर्लक्ष करून काटा वाचणे. त्या धड्याला चुकीच्या संवेदनाही चालून जात.

वादळाच्या पोटात

युद्धानंतर प्रवासी वाहतूक वाढली आणि गडगडाटी वादळांचा प्रश्न पुढे आला. मे महिन्यात दुपारी आकाशात चढत जाणारे वळवाचे ढग आपण पाहतो, त्याच जातीचे हे ढग. त्यांच्या आत काय चालते? १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली 'वादळ प्रकल्प' झाला. पी-६१ जातीची लढाऊ विमाने वेगवेगळ्या उंचींवरून एकाच वादळात मुद्दाम पाठवण्यात आली. असे तेराशेहून अधिक प्रवेश झाले. त्यातूनच वादळाच्या आयुष्याच्या तीन अवस्था कळल्या: आधी केवळ वर चढणारी हवा, मग चढणारी आणि पावसाबरोबर कोसळणारी हवा शेजारी शेजारी, आणि शेवटी केवळ उतरणारी हवा.

वैमानिकांना सूचना होती, की विमान सरळ ठेवा, इंजिनाची ताकद बदलू नका, आणि हवा वर-खाली नेईल तशी उंची बदलू द्या. उंचीतल्या बदलावरूनच हवेच्या झोतांचा वेग मोजायचा होता. वादळात उडण्याचा आजचा नियमही साधारण असाच आहे. उंची जपण्यासाठी दांड्याशी झटापट केली, तर विमानाच्या सांगाड्यावर नको तेवढा ताण येतो.

या प्रश्नाचा टर्बोप्रॉप विमानांशी जवळचा संबंध आहे. टर्बोप्रॉप म्हणजे जेटसारख्याच टर्बाइनने पुढचा पंखा फिरवणारे विमान. या जातीचे पहिले प्रवासी विमान व्हायकाउंट १९४८ साली उडाले. १९५७ पासून ते इंडियन एअरलाइन्सकडेही होते. १९६१ साली कानपूरला बांधलेले 'ॲव्हरो' हेही टर्बोप्रॉपच, आणि आज लहान धावपट्ट्यांच्या गावी जाणारे एटीआर-७२ सुद्धा. मोठी जेट विमाने पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून बऱ्याच ढगांच्या वरून जातात. टर्बोप्रॉप साधारण वीस-पंचवीस हजार फुटांपर्यंतच चढते. म्हणजे पाऊस, बर्फ आणि झोत जिथे असतात तिथेच त्याचा मुक्काम. म्हणून त्याच्या वैमानिकाला काट्यांची गरज अधिक.

दरम्यान निळ्या पेटीची नातवंडे मोठी झाली होती. १९४८ साली पॅन अमेरिकन कंपनीने स्ट्रॅटोक्रूझर विमानाच्या संपूर्ण चालककक्षाची प्रतिकृती वापरात आणली. पुढे संगणक आले आणि कक्ष सहा सरकत्या पायांवर उभा राहिला. त्यात एक गंमत आहे. विमान धावपट्टीवर वेग घेताना पाठ खुर्चीत दाबली जाते. खोलीतला कक्ष तितका पुढे धावू शकत नाही. म्हणून पडद्यावर धावपट्टी सरकत असताना कक्ष हळूच मागे कलवतात. बसणाऱ्याला ते कलणे न वाटता वेग वाढल्यासारखे वाटते. ज्या कानाने वैमानिकांना फसवले, त्याच कानाला फसवून हे यंत्र शिकवते!

घरगुती संगणकावरही १९८० च्या सुमारापासून विमान उडवता येऊ लागले. खुर्ची हलत नसली तरी मूळ धडा तिथेही मिळतो. टर्बोप्रॉप निवडा, हवा वादळी करा आणि ढगात शिरा. काच राखाडी होते. नजर कृत्रिम क्षितिजावर, तिथून वेगमापकावर, परत क्षितिजावर, मग उंचीमापक, परत क्षितिज, मग दिशा. एकाच काट्यावर नजर खिळली की दुसरा हातचा जातो. उंची पाचशे फुटांनी घसरली म्हणून आपण दांडा ओढतो, तोच वेग घटू लागतो. वेगाकडे बघतो, तेवढ्यात पंख कललेले असतात. दहा मिनिटांत नवशिका जमिनीवर आदळतो आणि पुन्हा सुरुवात करतो.

पेटीत जे नसते

ही 'पुन्हा सुरुवात' मोलाची आहे, पण तिला मर्यादा आहे. पेटीत आपण जे घालतो तेवढेच ती शिकवते.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एक एटीआर-७२ विमान उतरण्याची वाट बघत घिरट्या घालत होते. अतिथंड पाण्याच्या थेंबांचा बर्फ, तो झटकणाऱ्या रबरी पट्ट्यांच्याही मागे पंखावर साठला आणि विमान अचानक एका अंगाला उलटले. ६८ जण गेले. अशा बर्फाने विमान असे वागेल, याचा सराव वैमानिकांना कुठेच मिळालेला नव्हता.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ क्यू-४०० जातीचे टर्बोप्रॉप रात्री, बर्फाळ हवेत उतरत होते. वेग कमी होत चालला होता. वेगमापकावर ते दिसत होते, पण दोघा वैमानिकांच्या ध्यानात आले नाही. इशारा देण्यासाठी दांडा थरथरू लागला. अशा वेळी नाक खाली करून वेग मिळवायचा असतो. कॅप्टनने दांडा मागे ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दिसले, की सिम्युलेटरमधला सराव वेग घटण्याच्या पहिल्या इशाऱ्यापर्यंतच होई. पंखांची उचल पूर्ण सुटल्यावर काय होते ते दाखवले जात नसे. त्या अवस्थेतले विमानाचे वागणे बहुतेक सिम्युलेटरांत नीट उतरवलेलेही नव्हते. २०१३ साली अमेरिकेने नियम बदलला आणि २०१९ पासून हा सराव सक्तीचा झाला.

थोडक्यात, निळ्या पेटीचा इतिहास संपलेला नाही. प्रत्येक अपघाताच्या चौकशीनंतर तिच्यात एखादे नवे वादळ घातले जाते.

आपल्या वर्गाकडे परत येऊ. डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा खुर्चीवर बसवा. आपण कसे फसलो हे आता त्याला पक्के माहीत आहे. तरीही तो पुन्हा फसेल. हे मुलांना जरूर दाखवा, कारण चूक समजणे आणि चूक टळणे यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे दाखवणारे प्रयोग थोडे आहेत. तिसऱ्या वेळी रुमाल सोडा, त्याच्या हातात होकायंत्र द्या, वर मोठी खोकी धरा म्हणजे बाहेरचे काही दिसणार नाही, आणि अंगठा फक्त सुईकडे बघून दाखवायला सांगा. खुर्ची लोखंडी असेल तर सुई तिच्यापासून दूर धरावी. मग सगळ्यांना एक प्रश्न विचारा: आपल्याला अगदी ठाम वाटते पण मोजले तर चूक निघते, अशा आणखी कोणत्या गोष्टी आहेत? यादी फळ्यावर लिहा. तिच्यातल्या किती गोष्टी चुकण्याची सुरक्षित जागा आपल्या शाळेत आहे, हेही त्याच फळ्यावर तपासता येईल.